आधी वर, मग खाली: मुंबईची भुयारी स्थानकं कशी घडतात

गिरगावच्या मेट्रो स्थानकात मामाला पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा तो दारातच अडला. "अगं, आपल्याला खाली जायचंय ना? मग यांनी आधी वर का चढवलंय?" फुटपाथवरून काही पायऱ्या वर चढायच्या, छपराखालच्या सपाट जागेत यायचं आणि मग लांबलचक जिना उतरायचा. मामाचे गुडघे दुखतात, त्यामुळे तो प्रत्येक पायरीचा हिशेब मागतो. "पाण्यासाठी, मामा. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी आत येऊ नये म्हणून," एवढंच मी तेव्हा म्हटलं. पण त्या चार पायऱ्यांच्या पोटात भुयारी स्थानकाचं निम्मं शास्त्र आहे, आणि घाईघाईत दिलेलं ते उत्तर माझं मलाच अपुरं वाटत राहिलं. मी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवते. म्हणून ते उत्तर आता नीट लिहिते.

मुंबईत जमिनीखालून धावणारी मेट्रो म्हणजे मेट्रो 3, अॅक्वा लाइन. कफ परेडपासून आरे जेव्हीएलआरपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर. एकूण 27 स्थानकं, त्यातली 26 जमिनीखाली आणि फक्त आरेचं वर. पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, दुसरा मे 2025 मध्ये, आणि कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये. म्हणजे मुंबईकर या जागांना अजून सरावतोच आहे. लोकलच्या फलाटावर आपण डोळे मिटून चालतो, तसं इथे अजून जमत नाही.

वर्गात मुलांना इमारत काढायला सांगितली की पहिल्यांदा समोरची बाजू काढतात. दार, खिडक्या, कमान, वर नाव. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आठवून बघा: घुमट, मनोरे, दगडात कोरलेली जनावरं. त्या इमारतीसमोरचा रस्ता ओलांडला की त्याच नावाचं मेट्रो स्थानक आहे, आणि त्याला समोरची बाजूच नाही. त्याचं चित्र काढायचं तर एकच मार्ग: सुरीने केक कापावा तशी जमीन उभी कापायची आणि कापलेली बाजू बघायची. याला आम्ही 'छेद' म्हणतो. भुयारी स्थानकाचा आराखडा छेदातच जन्माला येतो. सगळ्यात वर रस्ता. त्याखाली दोन-तीन मीटर माती, तिच्यात पाण्याच्या, सांडपाण्याच्या, गॅसच्या नळ्या आणि विजेच्या केबल. मग स्थानकाचं छत. त्याखाली तिकिटांचा मजला, म्हणजे कॉन्कोर्स. कधी त्याखाली यंत्रांचा एक मजला. आणि तळाला फलाट आणि रूळ. साधारण वीस मीटर खाली, म्हणजे सहा-सात मजली इमारत उलटी करून जमिनीत बसवल्यासारखं.

ही उलटी इमारत कशात बसवायची, हा पहिला प्रश्न. मुंबईच्या पोटात काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर त्या दगडाचे उभे खांब आठवतील. पण हा कातळ सगळीकडे सारखा नाही. कुठे अखंड बेसॉल्ट, कुठे ज्वालामुखीच्या राखेचा आणि दगडगोट्यांचा ब्रेशिया, कुठे हाताने चुरडता येईल असा सडलेला दगड, वर मुरूम. शिवाय आपलं शहर सात बेटं जोडून, भर घालून वाढलेलं. कफ परेडला वरचा थर समुद्रात टाकलेल्या भरावाचा. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, आणि धारावीकडे मिठी नदीच्या काठचा खाडीचा चिखल. एकाच मार्गिकेवर एक स्थानक कातळ फोडून, तर दुसरं चिखल आवरून बांधावं लागतं. धारावी ते बीकेसी तर बोगदा थेट मिठीच्या पात्राखालून गेलाय.

आता पाण्याचा हिशेब. तो मला सगळ्यात आवडतो.

घरी एक स्टीलचा रिकामा डबा घ्या, झाकण घट्ट लावा आणि पाण्याने भरलेल्या बादलीत तळापर्यंत दाबा. हात काढला की डबा उसळून वर येतो. मुंबईत पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी जवळजवळ रस्त्याच्या पातळीपर्यंत चढतं. त्या पाण्यात बसवलेलं स्थानक म्हणजे तो रिकामा डबाच. फलाट, कॉन्कोर्स, सगळी पोकळीच तर आहे. पाण्याची खोली मीटरभर वाढली की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून वर दाबणारं बळ एक टनाने वाढतं. तळ वीस मीटर खोल असेल तर प्रत्येक चौरस मीटरला वीस टन. काँक्रीट घनमीटरला साधारण अडीच टन. नुसत्या काँक्रीटच्या वजनाने तो डबा दाबून धरायचा म्हटलं तर तळ, मधले मजले आणि छत मिळून आठ मीटर जाडी लागेल. एवढं काँक्रीट ओतलं तर माणसांना जागा कुठे उरणार?

म्हणून वजन वेगवेगळ्या ठिकाणांहून उभं करावं लागतं. तळाचा स्लॅब मीटरभर किंवा त्याहूनही जाड. बाजूच्या जाडजूड भिंती. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर थोडा पसरवला तर त्या कडेवर बसलेली माती आपलं वजन देते. जिथे तेही पुरत नाही तिथे खाली कातळात खोल खांब किंवा पोलादी नांगर रोवून स्थानक जमिनीला बांधून टाकतात. आणि छतावरची ती दोन-तीन मीटर माती? ती नळ्या-केबलपुरती नाही, स्थानक जागेवर दाबून ठेवणारं ओझंही तीच आहे. इमारत वजनाने खाली खचू नये म्हणून आपण पाया घालतो. इथे इमारत वर उचलली जाऊ नये म्हणून घालतात. मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं की वर्गात नेहमी एक क्षण शांतता होते, आणि मला दरवर्षी त्या क्षणाची वाट असते.

धोका सगळ्यात जास्त असतो तो बांधकाम अर्धवट असताना. तळ आणि भिंती झाल्यात, पण छत, मधले मजले, वरची माती अजून यायची आहे. म्हणजे डबा तयार, पण वजन कमी. तोपर्यंत आसपासचं भूजल पंपाने उपसून खाली ठेवावं लागतं. बांधकामाच्या खड्ड्याच्या कडेला रात्रंदिवस घरघरणारे पंप तुम्ही पाहिले असतील. ते खड्डा कोरडा ठेवतात आणि अर्धवट स्थानकाला तरंगूही देत नाहीत.

बांधायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिली सरळ: वरून खणायचं, बांधायचं, वरून झाकायचं. रस्ता रुंद असेल, मोकळी जागा असेल तिथे हीच. आधी स्थानकाच्या चारही कडांनी जमिनीत काँक्रीटचे खांब एकमेकांत अडकवून ओळीने उतरवतात, म्हणजे बाजूची माती आणि पाणी अडवणारी भिंत तयार होते. मग आतली माती काढत खाली जायचं. जसजसं खाली जाल तसतशा दोन्हीकडच्या भिंती आत झुकू बघतात, म्हणून मध्ये पोलादाचे जाड आडवे दांडे ठोकून त्यांना एकमेकींपासून दूर धरायचं. कातळ लागला की तो रॉक ब्रेकरने किंवा अगदी मोजूनमापून केलेल्या सुरुंगांनी फोडायचा. तळाला पोचल्यावर खालून वर बांधत यायचं. जिथे वाहतूक फार काळ बंद ठेवता येत नाही तिथे उलटा क्रम: आधी झाकण, म्हणजे छताचा स्लॅब घालायचा, त्यावर रस्ता सुरू करून द्यायचा, आणि मग झाकणाखाली खणत उतरायचं. वरून बस जातेय आणि खाली जेसीबी चालतोय.

दुसरी पद्धत गिरगावची, काळबादेवीची. तिथे खड्डा खणायला जागाच नव्हती. जगन्नाथ शंकरशेठ मार्ग केवढा, तर दोन बसगाड्या समोरासमोर आल्या की एकीने थांबायचं. दोन्हीकडे शंभर-शंभर वर्षांच्या चाळी, लाकडी तुळया, चुन्यात बांधलेल्या भिंती, खाली दुकानं. आठ डब्यांची गाडी सुमारे 180 मीटर लांब, म्हणजे फलाट तेवढा हवाच. एवढा लांब खड्डा त्या रस्त्यात मारला असता तर दोन्ही बाजूच्या चाळींचा आधारच गेला असता. म्हणून रस्त्याच्या कडेला जिथे जागा मोकळी करता आली तिथे एक उभा खड्डा घेतला, आणि त्याच्या तळातून आडवं शिरून रस्त्याखालच्या कातळात फलाटाची गुहा कोरली. वर रस्ता, वाहतूक, गणपतीच्या मिरवणुका, सगळं चालू.

या कोरण्याच्या पद्धतीला एनएटीएम म्हणतात, नवी ऑस्ट्रियन बोगदा पद्धत. तिच्यामागचा विचार असा, की आजूबाजूच्या कातळाला ओझं न समजता आधार समजायचं. कमान ज्या न्यायाने उभी राहते, दगड दगडावर दाबला जाऊन, त्याच न्यायाने पोकळीभोवतीचा कातळ स्वतःला सावरू शकतो. फक्त त्याला वेळेवर थोडी मदत हवी. म्हणून सगळी गुहा एकदम खणत नाहीत. वरचा भाग थोडा पुढे, लगेच त्याच्या अंगावर काँक्रीटचा फवारा. मग कातळात खोल पोलादी सळया. जाळी. पुन्हा फवारा. मग खालचा भाग. पुन्हा तेच. एकेका वेळी मीटर-दोन मीटर. आणि प्रत्येक पावलावर मोजणी, की कातळ किती हलला, किती दबला. जास्त हलला तर पुढचं पाऊल आखूड आणि आधार दुप्पट.

ही मोजणी मी जवळून पाहिली आहे. मामाची चाळ ठाकुरद्वारजवळ. काम सुरू व्हायच्या आधी माणसं आली, घराघरात जाऊन भिंतींचे फोटो काढले, आधीच असलेले तडे लिहून घेतले. चाळीच्या दर्शनी भिंतीवर बोटभर लांबीची काचेची प्रिझम बसवली. समोर कुठेतरी उंचावर बसवलेलं यंत्र ठरावीक वेळाने त्या प्रिझमवर किरण टाकून बघायचं, की भिंत कालच्यापेक्षा मिलिमीटरभर तरी सरकली का. मामाचा त्या यंत्रावर पूर्ण भरवसा नव्हता. माजघरात कपाटाच्या वर एक जुना तडा होता. त्यावर त्याने स्वतः काचेची एक पातळ पट्टी दोन्हीकडून चिकटवली आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली. तडा रुंदावला तर काच ताणून तुटणार. जुने गवंडी हे असंच करायचे आणि ते अगदी बरोबर आहे. मी मुलांना आजही ही युक्ती सांगते. पुढची दोन-तीन वर्षं मी गेले की मामा आधी मला कपाटाजवळ न्यायचा. रात्री कधी कधी खालून एक बारीक थरथर यायची, मांडणीवरची भांडी वाजायची, मामी उठून बसायची. ते दिवस तिथल्या लोकांसाठी सोपे नव्हते. घरं सोडून जावं लागलेल्यांसाठी तर मुळीच नाही. स्थानकाच्या कोणत्याही वर्णनात एवढं तरी असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

दोन स्थानकांमधले बोगदे मात्र टीबीएमने, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्रांनी, झाले: समोर फिरती कातणारी थाळी आणि मागे कारखाना, अशी शंभर मीटरच्या आसपास लांबीची यंत्रं. या मार्गिकेवर अशी 17 यंत्रं लावली होती आणि 2017 ते 2022 एवढा काळ ती खणत होती. जायचा बोगदा वेगळा, यायचा वेगळा. दोन बोगद्यांमध्ये सुरक्षित अंतर ठेवावं लागतं, आणि स्थानकात ते अंतरच फलाटाची जागा होतं. भुयारी स्थानकांत पुष्कळदा मधोमध एकच रुंद फलाट आणि दोन्ही अंगांना रूळ दिसतात, त्याचं एक कारण हे. चुकीच्या दिशेच्या गाडीसाठी उतरलात तरी पूल ओलांडायला नको, नुसती पाठ फिरवायची.

पुढच्या वेळी फलाटावर उभे राहाल तेव्हा वर बघा. सपाट छत आणि मध्ये खांबांची ओळ असेल तर ते स्थानक वरून खणून झाकलेलं. बाजू वळत वळत वर जाऊन कमानीसारख्या मिळत असतील आणि मध्ये खांब नसेल तर आतून कोरलेलं. सजावटीच्या छताने कधी कधी हा आकार लपतो, पण कडेला, जिन्याच्या तोंडाशी तो डोकावतोच.

सजावटीचं छत म्हणाले, त्याबद्दल थोडं. ते जाळीचं किंवा पट्ट्यापट्ट्यांचं असतं, मध्ये फटी ठेवून. सुंदर दिसतं म्हणूनही, पण मुख्य म्हणजे वर कुठे पाणी पाझरलं तर लगेच कळतं आणि धूर झाला तर त्याला वर साठायला पोकळी मिळते. भिंतीवरचे गुळगुळीत पत्रे खऱ्या भिंतीला चिकटलेले नसतात. मागे बोटभर-वीतभर जागा असते आणि तळाला पन्हळ. कितीही चांगलं काँक्रीट असलं तरी थेंब थेंब पाणी येतंच, हे धरूनच चालतात. त्या पाण्याला मागच्या मागे वाट देऊन तळाच्या टाकीत न्यायचं आणि पंपाने वर फेकायचं. पंप नेहमी गरजेपेक्षा जास्त बसवतात, एक बंद पडला तर दुसरा हवा.

"खाली पोचायलाच पाच मिनिटं लागतात" ही तक्रार सगळीकडून ऐकू येते. ती खरी आहे आणि तिचं कारण भूमितीत आहे. सरकता जिना साधारण 30 अंशांत बसवतात. वीस मीटर उतरायचं तर आडवं अंतर सुमारे पस्तीस मीटर लागतं. ते एका दमात नाही करता येत, मध्ये सपाट थांबे हवेत, जिन्याच्या दोन्ही तोंडांशी गर्दी मावेल एवढी मोकळी जागा हवी. त्यात कॉन्कोर्सवर तपासणी, तिकिटाची फाटकं, मग दुसरा जिना. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर दार द्यायचं तर वर आणखी एक आडवा भुयारी रस्ता. खोली कमी असती तर हे सगळं आखूड झालं असतं, पण मग वरच्या नळ्या, इमारतींचे पाये आणि सडलेला दगड आडवे आले असते. खोलवर घट्ट कातळ मिळतो, म्हणून खोल जायचं. खोल गेलं की चालणं वाढतं.

याच जिन्यांवर आगीचं गणितही उभं आहे, आणि स्थानकाच्या रचनेत याहून मोठा हुकूम कुणाचा चालत नाही. जगभर भुयारी स्थानकांसाठी साधारण असा नियम पाळतात: आपत्ती आली तर फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि सगळी माणसं सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचली पाहिजेत. आता हे मुंबईच्या गर्दीला लावून बघू. आठ डब्यांची भरलेली गाडी, समजा 2000 माणसं. चार मिनिटांत 2000, म्हणजे मिनिटाला 500. मीटरभर रुंदीच्या जिन्यावरून वर चढताना मिनिटाला साधारण 55 माणसं जातात. म्हणजे निव्वळ एका गाडीच्या माणसांसाठी नऊ मीटरहून थोडी जास्त रुंदी जिन्यांनाच हवी, आणि फलाटावर आधीच उभे असलेले वेगळे. लिफ्ट यात धरतच नाहीत. एखादा सरकता जिना बंद असणार, हे गृहीत धरतात. हे सगळे जिने एकाच टोकाला असून चालत नाहीत, फलाटाच्या लांबीवर विखुरलेले हवेत, म्हणजे कुणीही कुठल्याही डब्यातून उतरलं तरी जवळ एक वाट असेल. दुपारी रिकाम्या स्थानकात एवढे रुंद जिने, एवढा मोठा कॉन्कोर्स बघून पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. त्यातली बरीचशी जागा त्या सहा मिनिटांसाठी राखलेली आहे.

हे नियम माणसं गमावून शिकलेले आहेत. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात 18 नोव्हेंबर 1987 ला लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि 31 जण गेले. तिरक्या जिन्याच्या खोबणीत ज्वाळा आडव्या पडून वर धावतात हे त्या तपासातून कळलं. दक्षिण कोरियात देगू शहरात 2003 साली मेट्रोत लावलेल्या आगीने 192 जीव घेतले. आज भुयारी स्थानकात लाकूड दिसणार नाही. ग्रॅनाइट, पोलाद, काच, आणि केबलची आवरणंसुद्धा कमी धूर सोडणारी. कारण आगीत माणूस भाजण्याआधी धुराने गुदमरतो.

धुराचा बंदोबस्त हवेच्या यंत्रणेकडे असतो. बोगद्यातली गाडी म्हणजे पिचकारीतला दट्ट्या. ती येताना समोरची हवा ढकलत आणते, जाताना मागची ओढून नेते. या हवेला वर निघायला वाट ठेवावी लागते, नाहीतर फलाटावर वादळ येईल. फुटपाथवर किंवा एखाद्या बागेच्या कोपऱ्यात जाळ्या लावलेले काँक्रीटचे चौकोनी मनोरे दिसतात ना, ज्यांना दार नाही, पाटी नाही? ती स्थानकाची नाकं. काही हवा आत घेतात, काही सोडतात, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवतात, म्हणजे सोडलेला धूर पुन्हा आत यायला नको. त्यांच्या तळाशी मोठाले पंखे असतात, दोन्ही दिशांना फिरू शकणारे. बोगद्यात आग लागली तर नियंत्रण कक्ष ठरवतो की धूर कुठल्या बाजूला ढकलायचा, आणि माणसांना उलट बाजूने काढतात. लक्षात ठेवायची एकच खूण: वारा तोंडावर येईल त्या दिशेने चालायचं. दोन बोगद्यांना जोडणारे आडवे रस्ते ठरावीक अंतरावर असतात, त्यातून दुसऱ्या, स्वच्छ बोगद्यात जाता येतं.

फलाटाच्या कडेची काचेची भिंत आणि तिचे दरवाजे यांचं नातंही हवेशीच आहे. रुळावर कुणी पडू नये हे तर उघडच. पण छतापर्यंत बंद असलेली काच बोगद्याची गरम हवा बोगद्यात आणि फलाटाचा गारवा फलाटावर ठेवते. मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलनाचं बिल त्यामुळे पुष्कळ आवाक्यात राहतं.

आणि आता मामाच्या पायऱ्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस पाहिलेल्या माणसाला जमिनीखाली स्थानक हा विचारच अंगावर काटा आणणारा वाटतो. पाणी उतार शोधतं, आणि उघडं भुयारी स्थानक म्हणजे रस्त्यातला सगळ्यात मोठा उतार. म्हणून दाराचा उंबरठा त्या भागात आजवर चढलेल्या पुराच्या पातळीहून उंच घेतात. म्हणून आधी वर, मग खाली. त्यावर दारात आडवे अडसर लावायची सोय, हवेच्या मनोऱ्यांची तोंडंही उंचावर, आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि लिफ्ट, कारण पायऱ्या वाढवल्या की कुणाची तरी वाट अडते.

26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पाऊस नेहमीपेक्षा खूप आधी आणि धो धो आला. एका प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं, तिथली पाणी अडवायला घातलेली भिंत कोसळली आणि चिखलाचं पाणी थेट फलाटापर्यंत गेलं. सेवा तिथपर्यंत काही काळ थांबवावी लागली. त्याचे व्हिडिओ बघून अनेकांनी भुयारी मेट्रोच चुकीची ठरवली. मी त्याकडे वेगळ्या नजरेने बघते. पाणी तयार दारांतून आलं नाही, अर्धवट दारातून आलं. डझनभर तोंडं असलेल्या या इमारतीचं एक तोंड कच्चं राहिलं तर बाकीच्यांची उंची काही कामाची नसते. अशा शहरात दार अर्धं असताना पावसाला सामोरं जाणं परवडत नाही, हे त्या दिवशी फार महागात कळलं.

एका गोष्टीबद्दल मात्र या स्थानकांनी आणखी विचार करायला हवा, असं मला वाटतं. मुंबईकराचा नकाशा पूर्व आणि पश्चिम या दोन शब्दांवर उभा आहे. "दादर पश्चिमेला भेट", "अंधेरी पूर्वेला उतर". लोकलचे रूळ हा आपल्या डोक्यातला कणा आहे. जमिनीखाली गेलं की तो कणा हरवतो. ऊन नाही, वारा नाही, ओळखीचा पूल नाही. सरकत्या जिन्यांवर दोनदा वळलं की दिशा गेली. दारांना अक्षरं आणि आकडे दिलेत, मराठी पाट्या आहेत, जमिनीवर दृष्टिहीनांसाठी उठावाच्या पिवळ्या फरश्या आहेत. पण अक्षर हे पाठ करावं लागतं आणि उजेड हा दिसतो. पुण्यात जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्थानक शंभर फुटांहून खोल आहे, तरी वरून उजेड खालपर्यंत येईल अशी सोय तिथे केली आहे. उजेडाचा एक चौकोन दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. आपल्याकडे वर जागा नाही, पाऊस जास्त आहे, कबूल. तरी जिथे मैदान किंवा चौक आहे तिथे हे जमवता आलं असतं.

त्या दिवशी आम्ही गिरगावहून दादरला गेलो. मामाने सगळा वेळ काचेत बघून काढला, बाहेर काळोखाशिवाय काही नसताना. दादरला कॉन्कोर्सवर आल्यावर तो थांबला, दोन्हीकडे बघितलं आणि मला विचारलं, "यातलं स्टेशनकडे कुठलं?" मी पाटी शोधत होते. तेवढ्यात एका जिन्याच्या तोंडाकडून वाऱ्याची झुळूक आली, तिच्यात ओल्या मातीचा आणि वडे तळल्याचा वास. मामा म्हणाला, "इकडून चल," आणि गुडघा धरून चढायला लागला.